मदत हवी आहे: चिऱ्याच्या भिंतीवर टचस्क्रीन, आईच्या थरथरत्या हातासाठी

पाऊसवाट

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण घर कसं आहे आणि माणसं कशी आहेत हे कळल्याशिवाय सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात. जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू, भिंती चांगल्या सव्वा फूट रुंद. आई-बाबा दोघंच राहतात. आई ७१ वर्षांची, तिला सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. बाबा ७६, त्यांना ऐकू कमी येतं. मी पुण्यात, महिन्या-दीड महिन्यातून एक फेरी होते.

आईच्या हातात मोबाइल ठरत नाही. टेबलावर टॅब ठेवला तर हात लागून तोच सरकतो. पण खोलीतून न्हाणीघराकडे जाताना माजघरात एका जागी ती हमखास थांबते, भिंतीचा आधार घेते, दम खाते आणि मग पुढे निघते. तिथे आम्ही आधाराचा दांडाही बसवलाय. त्याच जागी, तिच्या हाताशी, एक स्क्रीन कायमचा लावायचा आहे. त्यावर मोजक्याच गोष्टी हव्यात: पडवीतला आणि न्हाणीघरातला दिवा, गिझर, दारावरचा कॅमेरा, मला व्हिडिओ कॉल आणि गोळ्यांची वेळ. लेव्होडोपाची (पार्किन्सन्सच्या औषधाची) गोळी अर्धा तास मागेपुढे झाली तरी तिचं चालणं अडतं. म्हणून गोळीची आठवण सगळ्यात महत्त्वाची.

गणपतीत गेले तेव्हा तीन वर्षं जुना दहा इंची अँड्रॉइड टॅब दुहेरी चिकटपट्टीने लावून पाहिला. राउटरशेजारी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर), टॅबवर फुली किओस्क ब्राउझर (एकच पान कायम समोर ठेवणारं ॲप). एवढं माझं मला जमलं. पुढचं जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे टॅब खाली आला. चिकटपट्टीबरोबर डिस्टेंपर आणि त्याखालचा चुना दोन्ही सोलून निघाले होते. चार्जिंगची केबल स्वयंपाकघरातल्या प्लगपासून पाच मीटर ओढली होती. टॅब चार्ज होतोय असं चिन्ह दिसायचं, तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरलेली. शिवाय चार्जर लावलेला असला की मधूनच स्क्रीन आपोआप दाबला जायचा. रात्री अडीच वाजता पडवीतला दिवा लागला आणि बाबा काठी घेऊन बाहेर पाहायला गेले.

आणि आईचं. तिने दिव्याच्या चित्रावर बोट ठेवलं. बोट थरथरतं, त्यामुळे एका दाबाचे तीन झाले. लागला, विझला, लागला. तिने हात मागे घेतला आणि बोट पदराला पुसलं, दोष बोटाचाच असल्यासारखं. त्यानंतर चार दिवस तिने स्क्रीनला हात लावला नाही.

दिवाळीत पुन्हा जाणार आहे. चिऱ्याच्या भिंतीत हे पक्कं कसं बसवायचं, वीज कशी न्यायची, आपोआप टच का होतं, आणि आईला वापरता येईल असं कसं करायचं? खर्चाची काळजी नाही, पण भिंत उगाच फोडायची नाही.

जुना_वायरमन

ताई, आधी केबलचं बघू, कारण ते साधं गणित आहे. पाच मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. २४ गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम, म्हणजे दहा मीटरला ०.८४. टॅबने दीड अँपिअर ओढले की सव्वा व्होल्ट वाटेतच संपतात. ५ व्होल्ट निघाले तर पोचतात पावणेचार. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये तार याहूनही बारीक असते. म्हणून चार्जिंगचं चिन्ह दिसतं आणि भरत काही नाही.

उपाय एवढाच, की ५ व्होल्ट लांबून आणू नका. २३० व्होल्टचा पॉइंट स्क्रीनच्या शेजारीच काढा आणि तिथून अर्ध्या मीटरची जाड केबल द्या. किंवा राउटरपासून नेटवर्कची कॅट-सिक्स केबल आणून पीओई वापरा, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज. त्यात ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो, त्यामुळे तारेत फारसं काही गळत नाही, आणि टॅबजवळ छोटा स्प्लिटर ५ व्होल्ट करून देतो. साध्या पीओईत उपकरणाला साडेबारा वॅटच्या वर मिळतात, दहा इंची टॅबला तेवढे पुष्कळ झाले. मात्र पीओईची केबल आणि २३० व्होल्टची वायर एका पाइपात घालू देऊ नका. गावाकडे पाइप वाचवायला हे सर्रास करतात.

आपोआप टच होण्यामागे नव्वद टक्के चार्जर असतो. हलक्या दर्जाच्या चार्जरमधून विजेचा कचरा टॅबपर्यंत येतो. काचेला बोट कळतं ते विजेच्या अगदी बारीक बदलावरून, त्यात हा कचरा मिसळला की स्क्रीनला वाटतं कुणीतरी हात लावला. तपासायला सोपं आहे: चार्जर काढा, तासभर बघा. थांबलं तर चार्जर बदला, टॅब नाही.

आणि घराचं अर्थिंग एकदा मोजून घ्या. जांभ्यात जमीन कातळाची, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ती आधी बसवा, स्क्रीन नंतर. ओल्या हाताचं घर आहे.

कातळशिल्प

मी गुहागरकडचा. आमचंही घर चिऱ्याचं, त्यामुळे भिंतीबद्दल तेवढं सांगतो.

वायरीसाठी भिंतीत झिरी (खाच) मारू नका. आत चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरतो, आणि एकदा गिलावा फोडला की त्या रेषेत ओल कायमची येते. वायर वरून केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून न्या. दिसायला थोडी दिसेल, पण उद्या काही बिघडलं तर पट्टी उघडून दुरुस्त होते.

ड्रिल करताना हॅमर (ठोके देत फिरायची सोय) बंद ठेवा. जांभा ठिसूळ, हॅमरने भोक मोठं होतं आणि स्क्रू धरणारा साधा प्लॅस्टिकचा रॉल प्लग आत फिरत राहतो. दोन चिऱ्यांच्या सांध्यात तर भोक पाडूच नका. भिंतीवर बोटाने ठोकून पाहा, सांध्यावर आवाज बदलतो. चिऱ्याच्या मध्यावर तीन-चार इंच खोल भोक, फुंकून माती पूर्ण काढायची, आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरायची, वाळून कडक होणारी राळ. भोक स्वच्छ असेल तर तो घट्ट धरतो. आमच्याकडचे जुने सुतार सागाची गुट्टी ठोकायचे, तीही चालते, पण ती ठोकणारा हात पाहिजे.

टॅब थेट भिंतीला लावू नका. आधी मरीन प्लायची फळी, तिच्या मागे अर्धा इंच फट राहील असे ठोकळे, आणि फळीवर स्क्रीन. जुलै-ऑगस्टमध्ये भिंत घामेजते, फट असली की वारा खेळतो. भिंत आतली आहे ना? पश्चिमेकडची, पाऊस झोडपणारी असेल तर जागा बदला.

पाऊसवाट

भिंत आतलीच आहे, माजघर आणि कोठीच्या मधली. दादा, हॅमर बंद ठेवायचं मला कधीच सुचलं नसतं. चार्जर आज बाबांना फोनवर सांगून काढायला लावला. टच थांबलं. मनापासून आभार.

बॅटरीबद्दल कुणी सांगेल का? टॅब कायम चार्जिंगला ठेवला तर?

निळीशाई

फुगतो. माझा दीड वर्षात फुगला, मागचं झाकण उचललं गेलं आणि स्क्रीन चौकटीतून बाहेर आला. लिथियम बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि उबेत राहिली की हेच होतं. एक स्मार्ट प्लग घ्या. फुली किओस्क होम असिस्टंटला बॅटरीची टक्केवारी कळवतो, त्यावर नियम लिहा: ३५ च्या खाली प्लग सुरू, ७५ च्या वर बंद. काही टॅबमध्ये ८० किंवा ८५ ला चार्जिंग थांबवायची सोय आधीच असते, ती सेटिंगमध्ये शोधा. बॅटरी काढून थेट वीज जोडायचे व्हिडिओ दिसतील. आई-वडील एकटे असलेल्या घरात ते करू नका. तुमच्याकडे वीज जाते तेव्हा हीच बॅटरी कामाला येईल. राउटर आणि रास्पबेरी पाय मात्र इन्व्हर्टरवर घ्या. इंटरनेट गेलं तरी होम असिस्टंट घरातल्या घरात दिवे चालवत राहतो, फक्त तुमचा व्हिडिओ कॉल लागणार नाही.

ओंजळ

बाकीचं वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे. मी आईबद्दल लिहिते. माझ्या सासूबाईंना नऊ वर्षं पार्किन्सन्स होता.

हा कंप हात निवांत असताना जास्त असतो. काही करायला हात उचलला की थोडा कमी होतो, पण तोच हात हवेत अधांतरी धरून ठेवला की पुन्हा सुरू होतो. बटण शोधेपर्यंत हात हवेतच असतो, आणि तिथेच एका दाबाचे तीन होतात. म्हणून स्क्रीनच्या खाली, फळीला जोडून, दोन-अडीच इंच रुंद लाकडी पट्टी बसवा. कडा गोल, पॉलिश केलेली. मनगट तिच्यावर टेकलं की बोट बरंच स्थिर होतं. आमच्याकडे हा एक तुकडा सगळ्या सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडला.

सेटिंगही करा. काही अँड्रॉइड टॅबमध्ये, उदाहरणार्थ सॅमसंगच्या, बोट किती वेळ टेकल्यावर दाब धरायचा आणि लागोपाठचे दाब कसे वगळायचे, हे ॲक्सेसिबिलिटीत ठरवता येतं. आयपॅडमध्ये ते टच अकॉमोडेशन्स नावाने सापडतं. अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करा, आईला समोर उभं करून वाढवा-घटवा. पुण्यात बसून ठरवू नका. शिवाय म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी पडतात, कोरडं बोट काचेला नीट कळत नाही. सासूबाई आधी तळहाताला जरासं खोबरेल चोळायच्या आणि पुसून टाकायच्या, मग लागायचं.

बटण एकेकच मोठं ठेवा. एका पानावर चार, त्याहून जास्त नाही. आणि एकाच बटणाने लागणं-विझणं ठेवू नका. "लाव" वेगळं, "विझव" वेगळं. मग तीनदा दाबलं गेलं तरी दिवा लागलेलाच राहतो.

उंची तुमच्या उभ्याने मोजू नका. आई दांड्याला धरून, वाकून उभी राहते तशीच उभी करा आणि तिच्या कोपराच्या किंचित वर खूण करा. स्क्रीनचा वरचा भाग भिंतीकडे थोडा कलता ठेवला तर वाकलेल्या मानेलाही दिसतो. आणि दांडा डाव्या हाताला असेल तर स्क्रीन उजव्या हाताला हवा. तिला एका वेळी चालणं आणि दाबणं दोन्ही करायला लावू नका, पाय अडकतात. दांडा धरलेला, दोन्ही पाय टेकलेले, मगच बोट.

पाऊसवाट

ओंजळताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. लाव-विझव वेगळं करायची गोष्ट इतकी सरळ आहे आणि मला सुचली नाही, कारण मी माझ्या हाताने तपासत होते.

बाबांची एक अट आहे: भिंतीवरची जुनी बटणं काढायची नाहीत. "तुझं यंत्र बंद पडलं तर मी अंधारात बसू का?"

जुना_वायरमन

बाबांचं शंभर टक्के बरोबर. बटणाच्या मागे बसणारे रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारे छोटे स्विच) मिळतात, त्यात जुनं बटणही चालतं आणि स्क्रीनही. न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) बटणांच्या बोर्डापर्यंत आलेली आहे का ते मात्र पाहा, जुन्या घरात बऱ्याचदा नसते.

गिझरला तो छोटा रिले लावू नका. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर खेचतो, आणि १० अँपिअर लिहिलेला रिले रोज तेवढ्यावर तापतो. मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त वीज पेलणारा मोठा रिले) घाला. आणि वीस मिनिटांनी गिझर आपोआप बंद होईल असा नियम लिहाच.

निळीशाई

गोळीच्या आठवणीसाठी आवाजावर विसंबू नका, बाबांना ऐकू येत नाही म्हणालात. वेळ झाली की माजघरातला दिवा तीनदा उघडझाप करू दे, आणि "घेतली" बटण दहा मिनिटांत दाबलं गेलं नाही तर तुमच्या फोनवर निरोप. डबीतल्या खणांची सवय आहे ती मोडू नका.

पाऊसवाट

आज घरी आहे. काल फळी बसली. गावातल्या सुताराने मनगटाची पट्टी फणसाच्या लाकडाची केली, पिवळी दिसते. भोक पाडताना एक चिरा फुटलाच, दोन बोटं बाजूला सरकून दुसरं पाडलं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी सोडलं, वायरमन पुन्हा मोजायला येणार आहे. गिझर अजून जोडला नाही, कॉन्टॅक्टर रत्नागिरीहून आणायचा आहे.

आईसाठी वेळ ०.७ सेकंदावर जमली. अर्ध्या सेकंदाला दोनदा लागत होतं, एकाला ती कंटाळून बोट उचलत होती. आज सकाळी तिने पडवीचा दिवा लावला, विझवला, परत लावला. या वेळी मुद्दाम.

एकच उरलं आहे. रात्री ती न्हाणीघरात जायला उठते तेव्हा स्क्रीन एकदम उजळतो आणि ती दचकते. पूर्ण काळा ठेवला तर बटण दिसत नाही.

ओंजळ

रात्री दहानंतर उजेड अगदी तळाला ठेवा, पार्श्वभूमी काळी, आणि फक्त न्हाणीघराच्या दिव्याचं बटण मंद केशरी. टॅबच्या कॅमेऱ्याने हालचाल पाहून स्क्रीन उजळायची सोय रात्रीपुरती बंद करा. खाली, पायाशी, हालचाल ओळखणारा छोटा पिवळा दिवा लावला तर तिला स्क्रीनकडे बघायचीही गरज पडणार नाही. आमच्याकडे तो पलंगाखाली होता.