मदत हवी आहे : वडिलांचे जुने इंजिन मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात घेऊन जावे का?

नमस्कार.

माझ्या वडिलांनी हौसेने जमवलेल्या मॉडेल रेल्वेची एक पेटी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. त्यात वाफेच्या इंजिनाचे एक वजनदार मॉडेल, एक अगदी छोटे इंजिन, काही डबे, चार वाघिणी (मालाचे डबे), एक जुना ट्रान्सफॉर्मर आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले रूळ आहेत. पुढच्या महिन्यात मॉडेल रेल्वेचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरणार असून माझ्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी तेथे जाणार आहे. अशा प्रदर्शनाला मी यापूर्वी कधीही गेलेले नाही. त्यामुळे तेथे काय विचारावे, कोणाला विचारावे आणि मुख्य म्हणजे वडिलांचे इंजिन बरोबर न्यावे की नाही, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण कशी निर्माण झाली ते आधी सांगते. मुलाकडे नवा रेल्वे-संच आहे. त्याच्या दोन रुळांमधले अंतर मोजले तर ते १६.५ मि.मी. भरले, आणि वडिलांच्या मोठ्या इंजिनाची चाके त्यावर अगदी नेमकी बसली. अंतर जुळते म्हणजे गाडी चालायला हरकत नसावी, असे समजून मी इंजिन रुळांवर ठेवले आणि कंट्रोलरचे बटण हळूच फिरवले. इंजिन जागचे हलले नाही. कंट्रोलरचा लाल दिवा तेवढा लागला आणि वीजपुरवठा बंद पडला. इंजिन उचलून घेतल्यावर मुलाची स्वतःची गाडी पूर्वीसारखीच धावू लागली, म्हणजे कंट्रोलर सुदैवाने शाबूत आहे. परंतु माझ्या घाईमुळे वडिलांच्या इंजिनाची मोटर जळली असेल का, ही रुखरुख तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे.

इंजिन उलटे करून पाहिले तेव्हा त्याच्या पोटाखाली धातूची एक लांबट, चमच्याच्या दांड्यासारखी पट्टी दिसली. दोन्ही टोकांना ती किंचित वर वळलेली आहे आणि बोटाने दाबली की स्प्रिंगवर आत जाऊन पुन्हा बाहेर येते. मुलाच्या इंजिनाला असे काहीही नाही. वडिलांच्या रुळांना दोनच पट्ट्या आहेत, तिसरी नाही; मात्र प्रत्येक स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्टीच्या) मधोमध खिळ्याच्या डोक्याएवढा एकेक ठिपका वर आलेला आहे. रूळ खाली ठोकून बसवण्यासाठी ते खिळे असावेत, असा माझा समज आहे.

छोट्या इंजिनाच्या चाकांमधले अंतर ९ मि.मी. आहे. त्याला पोटाखाली पट्टी नाही आणि ते चालवून पाहण्यासाठी माझ्याकडे रूळही नाहीत. याशिवाय एका वाघिणीच्या धातूच्या सांगाड्याला वाळलेल्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा गेल्या असून तो मधोमध थोडा फुगला आहे, त्यामुळे तिची चारही चाके एकाच वेळी टेबलावर टेकत नाहीत. पेटी माझ्याकडे आली तेव्हा भेगा होत्या, पण फुगवटा होता की नाही हे आता आठवत नाही.

प्रदर्शनात ज्यांच्या मांडण्या (रूळ, स्थानके यांचे उभारलेले देखावे) असतात त्यांनी त्या वर्षानुवर्षे खपून उभारलेल्या असतात, हे मला कळते. त्यांच्यासमोर जाऊन 'माझे इंजिन तुमच्या रुळांवर चालवून दाखवाल का' असे विचारणे शोभेल का? विक्रीसाठी मी काहीही नेणार नाही. हे इंजिन एकदा तरी धावताना माझ्या मुलाने पाहावे, एवढीच इच्छा आहे; त्याने आजोबांना पाहिलेले नाही.

प्रतिसाद

ताई, सर्वप्रथम रुखरुख मनातून काढून टाका. तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून मोटरपर्यंत वीज पोहोचलीच नसावी; ती चाकांमधूनच एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गेली, शॉर्ट सर्किट झाले आणि कंट्रोलरने आपले काम चोख करून पुरवठा तोडला.

स्लीपरमधले ते ठिपके खिळे नव्हेत. तोच तिसरा रूळ आहे. मुलाच्या संचात एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो, म्हणून तेथील इंजिनांची डावी-उजवी चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवलेली असतात. वडिलांच्या पद्धतीत वीज मधल्या ठिपक्यांमधून येते, पोटाखालची पट्टी त्यांच्यावरून घसरत ती मोटरकडे नेते आणि चाकांमार्गे दोन्ही रुळांतून ती परत जाते. दोन्ही रूळ एकाच तारेचे काम करत असल्यामुळे चाके अलग ठेवण्याची तेथे गरजच नसते. गेज (दोन रुळांमधले अंतर) सारखे असूनही विजेची वाट निराळी, हे पहिल्यांदा फारसे कोणाच्याच लक्षात येत नाही. ही रचना प्रामुख्याने जर्मनीतील मेर्कलिन कंपनीची म्हणून ओळखली जाते. तिच्या जुन्या रुळांना मधोमध खरोखरच अखंड तिसरी पट्टी असे, पुढे दिसायला बरे म्हणून तिच्या जागी हे ठिपके आले. खात्री करायची असेल तर मल्टिमीटरची (विजेची वाट जोडलेली असेल तर आवाज करणाऱ्या मोजयंत्राची) एक तार डाव्या चाकाला आणि दुसरी उजव्या चाकाला लावून पाहा. आवाज आला तर माझे म्हणणे बरोबर आहे.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो : तो जुना ट्रान्सफॉर्मर कृपा करून भिंतीतल्या सॉकेटला लावू नका. इतक्या वर्षांत वायरवरचे रबर ताठरते आणि वाकवले की तडकून आतली तांब्याची तार उघडी पडते. शिवाय त्यातून बाहेर पडते ती प्रत्यावर्ती (एसी) वीज, चालवण्यासाठी साधारण १६ व्होल्टपर्यंत आणि दिशा बदलण्यासाठी क्षणभर २४ व्होल्टचा झटका. मुलाच्या १२ व्होल्ट एकदिश (डीसी) विजेवरच्या संचाच्या रुळांना चुकून हा ट्रान्सफॉर्मर जोडला गेला तर मात्र त्याच्या इंजिनाची मोटर जळू शकते. दोन्ही संच वेगवेगळ्या खोक्यांत ठेवा आणि मुलालाही यामागचे कारण समजावून सांगा. दहा वर्षांच्या मुलाला ते समजते.

इंजिन अवश्य न्या, पण ते नेण्यापूर्वी आयोजकांना पत्र पाठवून दोन गोष्टी विचारा. चाचणीसाठी स्वतंत्र रूळ मांडलेला असेल का, आणि असल्यास त्यावर तीन-रुळी पद्धतीची सोय आहे का? पुष्कळ प्रदर्शनांत विकत घेतलेली जुनी इंजिने चालवून पाहण्यासाठी असा रूळ असतो, परंतु तो बहुधा दोन-रुळीच असतो आणि त्यावर तुमच्या इंजिनाचे तेच होईल जे घरी झाले. तीन-रुळी मांडणी आणणारे मंडळ येणार असेल तर आयोजक त्याची ओळख करून देतील. पहिल्या दिवशी सकाळी जुन्या मालाच्या टेबलांवर झुंबड असते आणि मांडणीवाल्यांचेही रूळ पुसणे, तारा तपासणे चालू असते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गर्दी ओसरते, तेव्हा माणसे निवांत बोलतात. सांध्यावर गाडी वळवण्यात गुंतलेल्या माणसाला मध्येच हाक मारू नका. त्याची गाडी स्थानकात थांबली की तोच मान वर करून पाहतो.

विचारण्यात कमीपणा मानू नका. मांडणीवर डिजिटल पद्धत (रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळे आदेश देण्याची) चालू असेल तर जुने साधे इंजिन ते रुळांवर घेणार नाहीत, तो नकार मनाला लावून घेऊ नये. शिवाय जुन्या तेलाचा राळेसारखा चिकट थर झालेला असतो, त्यामुळे आधी कोणीतरी इंजिन उघडून ते साफ करून, मोटरला वीज पोहोचवणारे कार्बनचे ब्रश पाहून, तेलाचा एकच थेंब द्यायला हवा. प्रदर्शनाच्या दिवशी एखादा जाणकार हे तुमच्यासमोर करून दाखवेल, आणि मला विचाराल तर गाडी धावण्याइतकेच ते पाहण्यासारखे असते. इंजिन मऊ सुती कापडात गुंडाळून मूळ खोक्यात आडवे ठेवा. स्पंज वापरू नका. जुना होऊन तो रंगाला चिकटतो.

छोटे इंजिन ९ मि.मी. गेजचे, म्हणजे एन गेजचे आहे. त्याचे प्रमाण सामान्यतः १:१६० असते, ब्रिटिश मॉडेलांत १:१४८. ते एकदिश विजेवर चालणारे असल्यामुळे साध्या चाचणी-रुळावर तपासता येईल.

वाघिणीबद्दल बातमी चांगली नाही. ओतकामाच्या वेळी जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असेल तर काही वर्षांनी तो आतून फुगून भेगाळतो, आणि त्यावर उपाय नाही. हा दोष शेजारच्या वस्तूंना लागत नाही, एवढा दिलासा आहे. डिंक लावून दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका, जोर दिला की तुकडे पडतात.

धागाकर्तीची भर

आपण इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मल्टिमीटर लावून पाहिला आणि दोन्ही चाकांमध्ये आवाज आला. ट्रान्सफॉर्मरची वायर प्लगपाशी वाकवली तेव्हा तिच्यावरचे आवरण खरोखरच बिस्किटासारखे तुटले. तो आता माळ्यावर वेगळ्या खोक्यात आहे. आयोजकांना पत्र लिहिले असून उत्तराची वाट पाहत आहे.

कापडात गुंडाळण्यासाठी इंजिन खोक्यातून बाहेर काढले तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला वडिलांच्या हातची पेन्सिलीने केलेली नोंद सापडली. प्रत्येक वेळी तेल घातल्याची तारीख त्यांनी एकाखाली एक लिहिली आहे, आणि शेवटची तारीख १९८८ सालची आहे. त्यावरून आणखी एक प्रश्न विचारते. इतक्या वर्षांचे तेल साफ करताना मोटरचे कोणते भाग सोडवावे लागतात आणि कोणते अजिबात हलवू नयेत? ते काम प्रदर्शनातील जाणकारांवरच सोपवणार आहे, परंतु ते काय करत आहेत हे मला समजले, तर पुढच्या वेळी तेल घालून त्या यादीत खाली तारीख लिहिता येईल.