स्विफ्टचा पुढचा भाग खाली घ्यायचाय: स्प्रिंग कापू की तयार आणू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ ची स्विफ्ट पेट्रोल, एमएच ३१. डिक्कीत सीएनजीची ६० लिटरची टाकी, आरसीवर चढवलेली. बाजूने पाहिलं की नाक वर, बूड खाली. पुढून ३०-३५ एमएम खाली हवी, मागे हात लावायचा नाही.

काम घरीच पोर्चमध्ये करणार. स्टँड, टॉर्क पाना, ग्राइंडर आहे. स्प्रिंग दाबायचे क्लॅम्प ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मिळतील. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकरचा जोड) उतरवून शॉकर आधी बदललेत, त्यामुळे क्लॅम्प न लावता वरचा नट सोडू नको वगैरे सांगू नका, तेवढा जीव प्यारा आहे.

तयार लोअरिंग स्प्रिंग बघितल्या, पण चारही चाकांचा संच घ्यावा लागतो. मागच्या दोन घेऊन काय करू? म्हणून मूळ स्प्रिंगच कापायचा मोह होतोय. अर्धा वेढा की एक? एक मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवून देतो, दहा मिनिटांचं काम. मला पटत नाही, तापलेल्या जागी स्प्रिंगचं पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरतं.

बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबर) कापावा लागेल का? कॅम्बरचं (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर झुकाव) काय करायचं? अलाइनमेंटवाले टो (वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) लावून मोकळे होतात.

आणि यंदा १५ वर्षं भरतायत, आरटीओत तपासणी आहे. हे सगळं पासिंगनंतर करू का?

प्रतिसाद १:
किती कापायचं ते गाडी जमिनीवर उभी असताना मोज. दोन वेढ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत जे अंतर, एक वेढा कापला की गाडी साधारण तेवढीच खाली बसते. सुटी स्प्रिंग हातात घेऊन मोजलीस तर माप जास्त भरेल. कडकपणाही वाढतो: कामाचे वेढे पाच असतील आणि एक गेला, की स्प्रिंग सव्वापट कडक. ग्राइंडरनेच काप, तेही थांबत थांबत. कापलेलं टोक स्प्रिंग बसते त्या वाटीत नीट टेकायला हवं. चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल पडून हलत असेल तर तो नाद सोड.

बम्प स्टॉपला हात लावू नको, चाकाचा वर-खाली प्रवास कमी झाल्यावर त्याची गरज जास्त. कॅम्बर आत झुकतो, पण स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांत जी थोडी ढिलाई असते तेवढीच हाताशी. टायर आतून खाल्ले जातात ते जास्त करून टो बिघडल्याने, म्हणून टो त्याच दिवशी लावून घे. लोअर आर्मच्या (चाक खालून धरणारा दांडा) रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर टेकल्यावरच आवळ, हे फार कमी लोक करतात. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

प्रतिसाद २:
भाऊ, काऊन पुढचं खाली घेऊन राह्यला? नाक वर नाही, बूड बसलंय. टाकी, पट्टे, गॅस मिळून पन्नास किलोंच्या वर वजन रोज मागच्या स्प्रिंगांवर. बिनटाकीची स्विफ्ट शेजारी उभी कर आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्हींचं माप घे. पुढचं सारखं निघालं तर पैसे मागच्या स्प्रिंगांवर घाल.

पासिंगनंतर केल्याने काही सुटत नाही. सीएनजी किट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मंजुरीने आरसीवर चढते, कापलेली स्प्रिंग कुठे चढवणार? कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. शिवाय नियमातला गतिरोधकच १० सेंटिमीटर उंच, गल्लीतल्या बिननियमाच्या उंचवट्यांचं तर बोलूच नको. आणि आपल्याकडे सिमेंट रोड झाल्यापासून फाटकाबाहेरचा चढ असा झालाय की मूळ उंचीच्या गाडीचं बंपरही घासतं.

धागाकर्ता:
टाकीचा विचारच केला नव्हता. कॉलनीत एक बिनटाकीची आहे, रविवारी माप घेतो. मागे बसलंय असं निघालं तर नव्या स्प्रिंगा घेऊ, की आहे त्यांच्यावर रबरी स्पेसर चालतील? टाकीवाल्या गाडीत कुणी लावले असतील तर सांगा.