विषय: रविवार ८ नोव्हेंबर : पुष्पचक्र, पॉपी आणि हॉलची वेळ

सचिव :

नमस्कार मंडळी,

कौन्सिलचं उत्तर आलं. हॉलसमोरच्या युद्धस्मारकापाशी पुष्पचक्र वाहणाऱ्या संस्थांच्या यादीत आपलं मराठी मंडळ सातव्या क्रमांकावर आहे. वाहायचं की नाही हे सप्टेंबरच्या बैठकीत ठरलं आहे, कृपया पुन्हा उकरू नये.

अडचण वेळेची आहे. २०२३ सारखंच यंदाही लक्ष्मीपूजन आणि रिमेंबरन्स संडे (युद्धांत गेलेल्यांच्या स्मरणाचा इथला रविवार) एकाच दिवशी आले आहेत. हॉलसमोरचा रस्ता साडेनऊ ते बारा बंद. चक्र वाहणाऱ्यांनी साडेदहाला रांगेत उभं राहायचं, अकराला दोन मिनिटं स्तब्धता. आपली हॉलची किल्ली नऊपासून आहे. म्हणजे भांडी, मखर, ढोल, सगळं साडेनऊच्या आत उतरवायचं किंवा बारानंतर. पूजा संध्याकाळीच आहे, तिचा प्रश्न नाही.

दुसरं, दारात स्वयंसेवकांनी सगळ्यांना पॉपी, म्हणजे त्या स्मरणाचं लाल कागदी फूल, लावावी अशी सूचना आली आहे. आणि चक्र विकतचं आणायचं की करायचं? गुरुवारपर्यंत कळवा.

माई (सजावट) :

चक्र आपणच करू, झेंडूचं. मध्ये ११ लाल पॉपी. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी झेंडूच पुढे आणला आहे, तेव्हा हे काही आपल्या मनाचं नाही.

हिशोब असा. गवताचं कडं १४ इंची घ्यायचं. फोमचं नको, पाऊस लागला की ते पाणी पितं, जड होतं आणि खुंटीवरून घसरतं. बाहेरच्या ओळीला २२ झेंडू, मधल्या ओळीला १८ ते २०, आतल्या ओळीला १५. म्हणजे साठेक फुलं. ऐंशी आणा, देठाशी मऊ पडलेली बाजूला काढावी लागतात. देठ एक सेंटीमीटर ठेवून कापा आणि फुलं रात्रभर वर्तमानपत्रावर पसरा. पाणी मारू नका! झेंडू पाकळ्यांच्या मुळाशी पाणी धरून ठेवतो आणि तिथूनच कुजतो. दोऱ्यात हार ओवून कड्याला गुंडाळायचा मोहही टाळा. दोरा सैल पडला की अख्खी ओळ फिरते. प्रत्येक फूल बारीक तारेने वेगळं बांधायचं.

मुख्य धोका डागाचा आहे. भिजलेल्या झेंडूचा पिवळा रंग पांढऱ्या दगडात उतरतो. मागे मेणकापडाची चकती लावायची, कड्यापेक्षा अर्धा इंच मोठी. आणि बुधवारी ११ तारखेचा युद्धविरामदिनाचा कार्यक्रम झाला की चक्र परत आणायचं. विकतच्या चक्रासारखं ते महिनाभर टिकणार नाही.

खजिनदार :

चक्राचा खर्च सजावटीच्या रकमेत बसतो. दारातल्या पॉपींबद्दल मात्र आधी मला विचारायला हवं होतं.

पॉपीला ठरलेली किंमत नसते, ती देणगी असते. डबा रॉयल ब्रिटिश लीजनचा (सैनिकांना मदत करणारी इथली संस्था), सीलबंद, त्यांच्या स्थानिक संयोजकाकडून सही करून घ्यायचा आणि न उघडता परत द्यायचा. आपल्या तिकिटांच्या टेबलावर तो ठेवला की कुणीतरी सुटे पैसे त्यातून मागतो, कुणी तिकिटाचे पैसे त्यात टाकतो, आणि मग हिशोब लागत नाही. डबा वेगळ्या टेबलावर, वेगळ्या माणसाकडे. तिकिटाच्या दरात पॉपी धरायची नाही आणि 'पॉपीसकट भोजन' असं जाहिरातीत लिहायचं नाही.

दादा (वाचनालय) :

डब्याचं बरोबर आहे. माझा आक्षेप दाराला आहे. कुणी टाचणी घेऊन समोर उभं राहिलं की 'नको' म्हणणं अवघड जातं. नियम कुठे लिहिलेला नसला तरी ती सक्तीच. लीजन स्वतः सांगते की पॉपी लावणं ऐच्छिक आहे. मग मंडळाने त्यापुढे का जावं?

न लावणाऱ्यांकडे कारणं असतात. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लेन लावत नाही, कारण त्याच्या शहरात १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. आपल्याकडे १३ एप्रिल १९१९ आहे, जालियनवाला बाग. पहिलं महायुद्ध थांबून जेमतेम पाच महिने झाले होते आणि पंजाब हा सर्वांत जास्त जवान देणारा प्रांत होता.

पैशाचंही समजून घ्या. लीजन ब्रिटिश सैन्यदलांतल्या आजी-माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करते. त्यात गैर काही नाही. पण आपण हे 'आपल्या' जवानांसाठी करतोय असं जे म्हटलं जातंय, त्याला ७ डिसेंबरचा ध्वजदिन जास्त जवळचा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं तो निधी गोळा करतात. ज्याला आपल्याकडच्या माजी सैनिकांसाठी द्यायचं आहे त्याने तिथे द्यावं.

नाना :

दारात टाचणी नको, हे मान्य. बाकीचं अर्धंच.

आपली फुलं नेमकी कुणासाठी, ते आधी नीट धरा. मराठा पलटणींचं नाव फ्रान्सच्या खंदकांशी जोडलं जातं, ते चुकीचं आहे. त्यांचं मोठं रक्त सांडलं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. टेसिफोनहून माघार, मग कुट गावाला तुर्कांचा वेढा, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. १४७ दिवस. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. शरणागतीनंतर वाळवंटातली पायपीट आणि कैद यांत किती गेले!

'साहेबांची चाकरी' म्हणून हे झटकून टाकायचं असेल तर त्या काळाकडेही बघा. टिळक भरतीला तयार होते, पण स्वराज्याच्या अटीवर. १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं आणि ते उठून बाहेर पडले. जवानांबद्दल आदर आणि सरकारबद्दल राग, दोन्ही एकाच माणसात नांदत होते. आपल्यालाही ते जमायला हवं.

ज्यांना लाल कागदी पॉपी नको वाटते त्यांच्यासाठी खादीची पॉपी आहे. लीजननेच २०१८ मध्ये भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ काढली. हातमागाच्या कापडाची असल्याने ती पावसातही टिकते.

आक्का (स्वयंपाकघर) :

पावसाचं राहू द्या, पण नाना, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अफूचं फूल छातीवर लावायचं हे काही मनाला पटत नाही. पॉपी म्हणजे अफूच ना? अनारशांना खसखस लागते ती वेगळी गोष्ट, ती बी आहे. शिवाय अनारशांचं पीठ शनिवारी मळायचं तर मला हॉलचं स्वयंपाकघर शनिवारी दुपारी हवं. ते कुणाच्याच यादीत नाही.

सहसचिव :

आक्का, खसखस आणि अफू एकाच झाडाची, पण ते झाड वेगळं. स्मरणाची पॉपी म्हणजे गव्हाच्या शेतात उगवणारं रानटी लाल तण. त्यातून अफू निघत नाही. तिचं बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि जमीन उकरून उजेड लागला की उगवतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी बेल्जियममधल्या फ्लँडर्सची जमीन उलटीपालटी झाली, म्हणून १९१५ च्या वसंतात तिथे ताज्या कबरींच्या आजूबाजूला हीच फुलं दिसली. कॅनडाचे डॉक्टर जॉन मॅक्रे यांची कविता त्यातूनच आली. १९२१ च्या नोव्हेंबरात लीजनने पहिल्यांदा कृत्रिम पॉपी विकायला काढल्या.

ही गल्लत मात्र मोठ्या लोकांचीही होते. २०१० मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरन यांचं शिष्टमंडळ पॉपी लावून चीनला गेलं, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी अफूच्या युद्धांची आठवण म्हणून त्या काढायला सांगितल्या. त्यांनी काढल्या नाहीत. आणि चीनला जाणारी माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जायची, हेही लक्षात असू द्या.

पांढऱ्या पॉपीबद्दल दोघांनी विचारलं आहे. ती १९३३ मध्ये सहकारी चळवळीतल्या स्त्रियांनी सुरू केली. युद्धात मेलेले सगळे, नागरिकसुद्धा, आणि युद्धच नको हा आग्रह, असा तिचा अर्थ. काही जण लाल आणि पांढरी दोन्ही लावतात. कुणी लावून आलं तर दारात चर्चा करू नये.

शनिवारी दुपारी दोन ते पाच स्वयंपाकघर तुमचं. नोंदवलं.

ढोलपथक :

आमचं कुणीच विचारलं नाही. ढोल बारानंतर आणले तर दोरी ओढून पानं बसवायला वेळ पुरत नाही. थंडीत कातडं सैल पडतं आणि ताशाचा आवाज बसतो. साडेनऊच्या आत आणतो, पण ताणणं आणि तपासणं म्हणजे ठोका मारणं आलंच. हॉलच्या मागच्या खोलीत ठोका मारला तरी तो समोरच्या स्मारकापर्यंत जातो, मागच्या गणपतीला मोजून पाहिलं आहे.

म्हणून असं : नऊ ते साडेनऊ दोऱ्या ओढून घेणार, आवाज नाही. साडेनऊ ते सव्वाबारा टिपरू हातात घ्यायचं नाही. ताशे हीटरजवळ ठेवणार, चार फूट लांब. तपासणी साडेबाराला.

फटाक्यांचं बघणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. दिवाळीच्या रात्री इथे एक वाजेपर्यंत परवानगी असते म्हणून ती सगळी वापरायची नसते. त्या दिवशी गावात माजी सैनिक असतात आणि अचानक झालेला धमाका त्यांतल्या काहींना सोसत नाही. फुलबाज्या आणि भुईचक्रं ठेवा, आवाजाचं काही नको.

माई (सजावट) :

फटाक्यांना माझी संमती. आता साड्यांचं, कारण दोघींचे फोन आले.

पॉपी डावीकडे लावायची असा कुठे नियम नाही, फक्त रूढी आहे. पान अकराच्या दिशेला ठेवायचं, हेही लोकांनीच ठरवलेलं. आपला पदर डाव्याच खांद्यावर असतो, म्हणून ब्लाऊजवर लावलेली पॉपी झाकली जाते. खांद्यावर पदराच्या निऱ्यांना जी सेफ्टी पिन लावता तिच्यातच पॉपीची काडी अडकवा. पैठणीला जरीच्या काठात टाचणी घालू नका, कलाबतूचा धागा ओढला जातो आणि परत बसत नाही. साध्या रेशमात घाला आणि मागे सुती कापडाचा बोटभर तुकडा ठेवा. चिकटणाऱ्या पॉपी रेशमावर अजिबात नकोत, गोंदाचा डाग राहतो.

२०२३ पासूनची नवी पॉपी पूर्ण कागदाची आहे, काडीसकट. कोटाच्या काजात छान बसते, पण कुडत्याला काज नसतं आणि भिजली की मान टाकते. रांगेत उभं राहणाऱ्या आपल्या चौघांनी खादीची लावावी. लहान मुलांना टाचणी नको.

सचिव :

दारात कुणी पॉपी लावणार नाही. खिडकीजवळ वेगळं टेबल, खजिनदारांनी सांगितल्याप्रमाणे डबा. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी.

राहिलं ते चक्रावरचं कार्ड. मसुदा : 'ब्रिटनसाठी धारातीर्थी पडलेल्या मराठा वीर हुतात्म्यांना विनम्र अभिवादन.'

दादा (वाचनालय) :

तीन शब्द बदला.

'ब्रिटनसाठी' नको. ते कशासाठी गेले हे आपण त्यांच्या वतीने लिहू शकत नाही. पगार, वतन, पलटणीचं नाव, गावातली पत, प्रत्येकाचं वेगळं असणार.

'हुतात्मा' हा शब्द मराठीत स्वातंत्र्यासाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांना दिला आहे. तो तिथेच राहू द्या.

'धारातीर्थी' सुंदर शब्द आहे, पण नानांनीच वर लिहिलं आहे की कुटच्या कैदेत लोक भुकेने आणि रोगाने गेले. तलवारीच्या धारेवर पडले ते, आणि तापाने वाटेत बसले ते उठलेच नाहीत, त्या दोघांनाही हे कार्ड लागू व्हायला हवं.

इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. तिथे ब्रिटिश शिपायांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. भारतीय शिपायांची नाही. पलटणीचं नाव आणि पुढे किती गेले तो आकडा. त्या भेदभावाबद्दल युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. हे आपण लिहिलं नाही तर त्या चौकात दुसरं कोण लिहिणार आहे?

नाना :

दादाचं बरोबर आहे. तिन्ही शब्द काढा. पण दुसऱ्या महायुद्धातली माणसं सोडू नका. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. नामदेव जाधवांना तो सेनिओ नदीवरच्या ९ एप्रिल १९४५ च्या कामगिरीसाठी मिळाला, ते जिवंत परतले. नावं घालू नका, दोनच घातली तर बाकीचे पुन्हा आकडाच होतात. ठिकाणं घाला.

माझा मसुदा :

'मेसोपोटेमियातून आणि इटलीतून घरी परत न आलेल्या मराठा पलटणींच्या जवानांना, आणि ज्यांच्या नावाऐवजी दगडावर आकडा कोरला गेला त्या प्रत्येकाला. मराठी मंडळ.'

वर मराठी, खाली इंग्रजी. दोन्ही सारख्याच आकारात.

दादा (वाचनालय) :

हेच ठेवा.

सहसचिव :

कार्ड मी छापते. शाईच्या प्रिंटरवर नको, थेंब पडला की पसरतं. लेझरवर काढून लॅमिनेट करू. लॅमिनेट करताना कागदाच्या चारही बाजूंनी पाच मिलिमीटर मोकळी कड सोडायची, कडेला लागून कापलं तर पाणी आत शिरतं. भोक त्या मोकळ्या कडेपलीकडे, लॅमिनेटच्याच पट्टीत पाडायचं, कागदातून नाही. म्हणजे वरच्या बाजूला पट्टी दोन सेंटीमीटर रुंद लागेल.

माई, कार्ड १५ बाय १० सेंटीमीटर धरलं आहे. पॉपींच्या खाली तेवढी जागा सोडा.

माई (सजावट) :

मग खालचे सहा झेंडू कमी करते आणि तिथे पानं लावते. शनिवारी सहाला माझ्याकडे, कात्री आपापली आणा. तारेची दोन रिळं कुणाकडे आहेत?

ढोलपथक :

आमच्याकडे आहेत. साडेनऊच्या आधी.