तीन शनिवार झाले, पोरगा येत नाहीये. घरी जाऊ का?

ऐरोलीकर काका

एमटीएनएलमधून ३१ जानेवारी २०२०ला व्हीआरएस घेतली. आता दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुर्भ्याच्या एका पालिका शाळेत बसतो. आम्ही पाच-सहा जण आहोत, प्रत्येकाकडे तीन-चार मुलं. शिकवणी अशी नाही. अभ्यास, फॉर्म, पुढं काय करायचं, जे निघेल ते.

माझ्याकडे आठवीतला एक मुलगा आहे. वडील एपीएमसीच्या भाजी मार्केटला पाटी उचलतात. सहज म्हणून विचारलं, गवार बावीस रुपये पाव, साडेतीन किलोचे किती? तो वरसुद्धा न बघता म्हणाला, "चौदा पाव, तीनशे आठ." मी खूश! म्हटलं, आता हेच वहीत मांड. त्यानं बावीस गुणिले चौदा लिहिलं. चारनं गुणून अठ्ठ्याऐंशी आले, एकनं गुणून बावीस आले, ते बरोब्बर अठ्ठ्याऐंशीच्या खालीच मांडले आणि बेरीज केली एकशे दहा.

आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "अरे, आठवीत आहेस ना तू?"

त्यानं वही मिटली. त्यानंतरचे तीन शनिवार आला नाही. शाळेतही अधूनमधूनच दिसतो म्हणे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती मिटलेली वही समोर येते. एनएमएमएसचे, म्हणजे आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे, फॉर्म सुरू आहेत आणि सातवीचे मार्क बघता तो बसू शकतो. त्याच्या घरी जाऊ का? गेलो तर तक्रार घेऊन आले असं त्यांना वाटेल का?

कळव्याच्या बाई

नमस्कार काका. मी तेहतीस वर्षं मराठी शाळेत होते.

जरूर जा, पण एकटे नको. वर्गशिक्षकांना विचारून त्यांच्याबरोबर जा. परका माणूस दारात उभा राहिला की आई आधी घाबरते, पोरानं काय केलं म्हणून. आणि दुपारी तर मुळीच जाऊ नका. भाजी मार्केटचं काम रात्रीपासून चालतं, वडील दुपारी झोपलेले असतात. संध्याकाळी पाचनंतर जा. पैसे, खाऊ काही नेऊ नका.

माफी मुलाची मागा, आईवडिलांसमोर त्याच्या गणिताचा विषयही नको.

आता गुणाकार. त्याला गणित येत नाही असं नाहीच. चौदातला एक म्हणजे दहा, हे त्याच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. पाढे घोकायला लावू नका. चौदा पावांची दहा आणि चार अशी फोड करू द्या. दहा पावांचे दोनशे वीस, चारांचे अठ्ठ्याऐंशी, बेरीज तीनशे आठ. त्याचंच उत्तर कागदावर उतरलेलं दिसलं की खालच्या ओळीत एक घर का सोडायचं ते आपोआप कळतं. चाळीस मुलांच्या वर्गात तेवढी फुरसत मिळत नाही, ती तुमच्याकडे आहे.

घणसोली_वायरमन

काका, मी असाच पोरगा होतो. दहावीला गणितात उडालो, घरी तोंड दाखवत नव्हतो. आमच्या वस्तीत रविवारी एक दादा यायचे. मी सलग पाच रविवार दांडी मारली. ते नेहमीच्या पायरीवर बसून राहायचे आणि जाताना माझ्या आईला फक्त सांगून जायचे, "पुढच्या रविवारी आहे मी." का आला नाहीस, असं कधीच विचारलं नाही. सहाव्या रविवारी मीच गेलो. जुलैची फेरपरीक्षा दिली, मग आयटीआय केलं. तुमचा शनिवार चुकवू नका, एवढंच सांगतो.

नेरुळची ताई

एनएमएमएसचं सांगते. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात आणि शालेय क्षमतेत गणिताचे प्रश्न २०च. त्यामुळे गणितासाठी त्याला बाहेर ठेवू नका. बहुतेक घरांत घोडं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. रोजंदारीवाल्याला तहसीलचा दाखला काढायचा म्हणजे एक खाडा. तिथं सोबत जा.

आणि मुलांशी बोलायचं ते शाळेत, दार उघडं ठेवून, चारचौघांत. वेगळं फोनवर नाही. आमच्याकडे हा नियम सगळ्यांना आहे.

ऐरोलीकर काका

गुरुवारी संध्याकाळी सरांबरोबर जाऊन आलो. वडिलांची कंबर धरली आहे, त्यामुळे पोरगा पहाटे मार्केटला कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला जातो आणि शाळेच्या वेळी घरी झोपलेला असतो. मी तीन आठवडे माझ्याच वाक्याला धरून बसलो होतो. तरी माफी मागितली. तो मान खाली घालून म्हणाला, "ठीके सर." बोटांच्या पेरांत हिरवा रंग बसलेला होता.

आईला फॉर्मचं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, पैसे पोराच्या खात्यात येतात ना? पहाटेचं काम बंद करायला हवं हे सरांनी स्पष्ट सांगितलं. वडील गप्प राहिले. कंबर सुटेपर्यंत त्या घरात काय येणार, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. सर मुख्याध्यापकांशी बोलणार आहेत.

सोमवारी वडिलांना रिक्षानं दाखल्यासाठी नेतोय. शनिवारचं त्याला काही विचारलं नाही. निघताना आईला सांगितलं, मी आहे.