डालगं आणि कोंबडी
एकांनी म्हटलंय, मिथेन हायड्रेटमध्ये (म्हणजे मिथेन वायू आणि पाण्याच्या बर्फासारख्या स्फटिकात) वायू पाण्याला रासायनिक बंधानं जोडलेला असतो. तसं नाही हो. आमच्या खानापूरकडं कोंबडी डालग्याखाली झाकतात. ती डालग्याला बांधलेली नसते, पण निसटतही नाही. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी पिंजरा विणतात, मिथेन आत नुसता कोंडला जातो. नेहमीच्या रचनेच्या एका एककात पाण्याचे ४६ रेणू मिळून ८ पिंजरे होतात: २ लहान, ६ मोठे. पण आत पाहुणा, म्हणजे कोंडलेला वायू, नसेल तर हा पिंजराच सहसा टिकत नाही, तिथं माझी उपमा फसते! हायड्रोक्विनोन या सेंद्रिय संयुगाच्या अशाच स्फटिकांवरून रसायनशास्त्रज्ञ पॉवेल यांनी १९४८ मध्ये अशा पिंजऱ्यांच्या रचनेला 'क्लॅथ्रेट' हे नाव दिलं. आपण उसाला घालतो तो युरियाही दुसरे रेणू असे कोंडतो, पण त्याचं वेगळं. त्यात पिंजरा नाही, लांब बोगदा होतो. सरळ साखळीचे हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनचे रेणू) आत शिरतात, फाटे फुटलेले बहुतेक बाहेरच.