अमोनियावर चालणारं जहाज: बडोद्याच्या माणसानं तरी हो म्हणू नये

निवृत्त_खतवाला
भाचा मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनीअर आहे. सुट्टीवर आला होता. सेव-उसळीवर तर्री ओतता ओतता म्हणाला, "मामा, पुढची जहाजं अमोनियावर चालणार. त्यात कार्बनच नाही, मग धुरात तरी कुठून येणार?" माझा घास तोंडातच राहिला.

बडोद्याजवळच्या एका खत कारखान्यात मी ३१ वर्षं काढली. शिफ्टला आत शिरलं की पहिली नजर वर, विंडसॉककडे. वारा कुठून कुठे जातोय ते बघून ठेवायचं. गळती झालीच तर वाऱ्याला आडवं पळायचं, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचो. एकदा रात्रपाळीत पंपाचं सील गेलं. आवाज फार नव्हता, नुसतं फिस्स. पण डोळे असे मिटले की उघडेनात. ओला रुमाल नाकाला, एक हात रेलिंगवर, आणि पायऱ्या मोजत खाली. सतरा होत्या. वाचलो, कारण खाली पळायला अख्खं मैदान होतं. भर समुद्रात पोरं कुठे पळणार? माझं मत साफ आहे: ज्या जहाजावर माणसं झोपतात, तिथं हे इंधन नको.

इंजिनरूमवाला
काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान, पण मत पटलं नाही. अमोनिया जहाजांतून आजही जातो, कित्येक दशकं जातोय. उणे ३३ अंशाला थंड केला की द्रव राहतो, आणि तुमच्यासारख्याच कारखान्यांसाठी बंदरावर उतरतो. इंधन म्हणून वापरताना पाइपला दुहेरी भिंत, मधल्या जागेतली हवा सतत खेचणारे पंखे, जागोजाग सेन्सर. आणि आजचं काळं तेल काय गंगाजल आहे? ते शंभर अंशांच्या वर तापवून इंजिनात सोडावं लागतं. पाइप चिरला आणि फवारा गरम एग्झॉस्टवर पडला की आग. ती मी पाहिली आहे.

जगाच्या कार्बन उत्सर्जनात जहाजांचा वाटा सुमारे ३ टक्के. आयएमओनं, म्हणजे जहाजवाहतुकीचे नियम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेनं, २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या आसपास तो निव्वळ शून्यावर आणायचा. महासागर ओलांडणारं जहाज बॅटरीवर जात नाही, मग काय जाळायचं ते सांगा. जपानमध्ये 'साकिगाके' नावाची टग (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट) २०२४ मध्ये टोकियोच्या उपसागरात अमोनियावर कामाला लागलीसुद्धा.

निवृत्त_खतवाला
टाकीत झोपलेला अमोनिया आणि पंपानं दाब देऊन इंजिनात ढकललेला अमोनिया, दोन्ही एक कसे? टाकी सहसा गळत नाही. गळतं ते जिथं काही हलतं तिथं: सील, ग्लँड, व्हॉल्व्हचा दांडा. आणि इंजिनाइतकं हलणारं, थरथरणारं दुसरं काय असतं? टगचं म्हणाल तर ती किनाऱ्यावरून दिसते, मदत हाकेवर. हिंदी महासागराच्या मध्यावर कोण येणार?

शिडवाली
एवढा आटापिटा कशाला? वारा फुकट आहे. 'पिक्सिस ओशन' नावाच्या, सुटा माल नेणाऱ्या बल्क जहाजावर २०२३ मध्ये साडेसदतीस मीटर उंचीची दोन पोलादी पंखं बसवली, शिडासारखी वारा धरणारी. सरासरी दिवसाला ३ टन इंधन वाचलं. जर्मन इंजिनीअर अँटन फ्लेटनरनं तर १९२० च्या दशकातच, वाऱ्यातून जोर घेणाऱ्या फिरत्या उभ्या नळकांड्यांवर जहाज चालवून दाखवलं होतं. मग तेल स्वस्त झालं आणि सगळे विसरले. कोकणातून बडोद्यात आलेल्या आपल्या घराण्यांना शिडाचं कौतुक नको का?

इंजिनरूमवाला
कौतुक आहे ताई, पण तेवढं जहाज दिवसाला पंचवीस-तीस टन जाळतं. तीन वाचले, उरलेल्यांचं काय? कंटेनर जहाजावर तर पंखं उभी करायला डेकच मोकळं नसतं, आणि बंदरात क्रेनच्या आड येतात ते वेगळंच.

कोठीवरून
मग वेग कमी करा ना! वेग १० टक्के उतरवला की लागणारी ताकद २७ टक्के घटते, ताकद वेगाच्या घनानं बदलते. प्रवास लांबतो तो धरूनही फेरीमागे १९ टक्के इंधन वाचतं. नवं इंजिन नको, नवं इंधन नको. फक्त मालकाला घाई नको. पण तेच होत नाही.

सेवउसळ_झिंदाबाद
मिथेनॉल कुणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. 'लॉरा मर्स्क' ही कंटेनर बोट २०२३ मध्ये त्यावर कोरियाहून कोपनहेगनला गेली. साध्या तापमानाला द्रव, सांडलं तर पाण्यात मिसळतं. फक्त आमच्या दारूबंदीच्या गुजरातेत बंकरिंग (जहाजात इंधन भरायची सोय) ठेवाल तर टाकीला दोन कुलपं लावा. २०२२ ला बोटादच्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूत, हेच मिथेनॉल होतं. (विनोद करू नये खरं तर, माणसं गेली. पण विषारी म्हणून अमोनियाला नाही म्हणणाऱ्यांनी हेही विष आहे हे ध्यानात घ्यावं.)

शिडवाली
आणि मिथेनॉलमध्ये कार्बन आहेच. तो हवेतून किंवा शेतकचऱ्यातून घेतला तर ठीक, नैसर्गिक वायूतून घेतला तर नुसती पाटी बदलली. अमोनियाचंही तेच, आज तो बहुतेक वायूपासूनच बनतो.

कोठीवरून
तुम्ही इंधनावर भांडताय, आमची घोघा-दहेज फेरीबोट गाळात गेली! २०१७ ला सुरू झाली, दहेजला गाळ साचत राहिला, शेवटी २०२० ला हजीरा-घोघा झाली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो. इथे आधी उथळ बुडाचं जहाज हवं, मग बॅटरी घाला हवी तर. टास्मानियात १३० मीटर लांबीची, अडीचशे टन बॅटरीची फेरी बांधलीय, अर्जेंटिना-उरुग्वेसाठी. हजीरा-घोघाला तसलं काही शोभेल.

इंजिनरूमवाला
आखातापुरतं मान्य. कोचीत २०२३ पासून बॅटरीच्या बोटी चालतातच. पण मुंबई ते रॉटरडॅम? काका, अमोनिया नकोच म्हणणं सोपं आहे. तुम्ही ३१ वर्षं त्याच्यासोबत काढलीत ना? मग जहाजावर काय केलं तर तुम्ही भाच्याला जाऊ द्याल, ते लिहा.

निवृत्त_खतवाला
जाऊ देणारा मी कोण, तो मंगळवारी गेलासुद्धा. पण विचारलंत म्हणून: तांबं-पितळ कुठेही नको, अमोनिया ते खातो. जहाजावर तर पितळेची रेलचेल. प्रेशर गेजसुद्धा बाहेरून स्टीलचं दिसतं, आत नळी ब्राँझची निघते. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलंय." म्हटलं शिकवलं असेल, तू एक गेज उघडून बघ.