शब्दचर्चा : सरवा

शब्बाथशाळा, सेलू

सगळ्यांना सलाम. पुढच्या महिन्यात सुगीचा सण आहे आणि मुलांना लेवीय 19:9-10 शिकवायचं आहे. आपल्या जुन्या बायबलात तिथं ‘सरवा वेचू नकोस’ असं आहे. तालुक्याच्या गावात वाढलेली मुलं ते ‘सर्वा’ असं वाचतात आणि ‘सगळं वेचू नकोस’ असा अर्थ लावतात. अर्थ फार चुकत नाही म्हणा, पण शब्द चुकतो. सरवा नेमका कशाला म्हणायचं? कोपरा आणि सरवा एकच का? आणि ज्यांच्या घरी गुंठाभरही जमीन नाही, त्यांनी हे वचन आचरणात कसं आणायचं? मंडळीतली निम्मी घरं तशीच आहेत.

गोदाकाठ

ताई, सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर रानात मागं राहिलेलं धान्य. गळालेलं कणीस, फुटलेल्या शेंगेतले दाणे, पेंढी बांधताना निसटलेलं ताट. पिकागणिक सरवा वेगळा. सोयाबीन काढायला चार दिवस उशीर झाला आणि ऊन कडक पडलं की शेंगा तडकतात, दाणे मातीत जातात. तो सरवा एकेक दाणा टिपून गोळा करावा लागतो, दिवसभराच्या कष्टात हाती थोडंच लागतं. भुईमुगाचा सरवा जमिनीच्या आत असतो. वेल उपटताना आऱ्या (शेंगा धरणारे देठ) तुटतात, शेंगा खाली राहतात, त्या खुरप्यानं उकरायच्या. रान वाळून कडक झालं की त्या निघत नाहीत, म्हणून ओल आहे तोवरच बाया सरव्याला जातात. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, ज्वारीची कणसं, सगळ्यांचा सरवा असतो.

काय सरवा नाही तेही मुलांना सांगा. खळं झाडून निघतं ते मातेरं. उभ्या पिकातून मालकाच्या नकळत तोडलेलं कणीस ही चोरी. मालक सूप भरून देतो ते दान. सरव्यात देणाऱ्याचा हात नसतो, घेणारा स्वतः वाकून वेचतो.

लेवीय

वरच्या उत्तराला थोडी जोड. ताई, कोपरा आणि सरवा एक नाहीत. नियमशास्त्रात गरिबांचा हिस्सा निरनिराळ्या वाटांनी राखला आहे आणि प्रत्येकीची रीत वेगळी.

कोपरा म्हणजे पीक उभं असतानाच कापायचं टाळलेली कड. हे ठरवून करायचं. सरवा म्हणजे कापताना हातून पडलेलं. ते उचलायला मागं वळायचं नाही. तिसरी, रानात विसरलेली पेंढी. ती अनुवाद या बायबलातल्या पुस्तकात, 24:19 मध्ये येते. आठवली तरी आणायला परत जायचं नाही. त्याच ठिकाणी जैतून दुसऱ्यांदा झोडपू नये, द्राक्षमळ्याची दुसरी तोडणी करू नये, असंही आहे.

किती, याचा आकडा बायबलात नाही. पुढे यहूदी शास्त्र्यांनी मिश्नात, म्हणजे त्यांच्या तोंडी नियमांच्या संग्रहात, तो बारकाईनं बसवला: कोपरा निदान साठावा हिस्सा असावा. एका जागी एक-दोन कणसं पडली तर ती गरिबाची, तीन पडली तर मालकाची. मालकानं कोपऱ्याचं पीक स्वतः कापून आपल्या मर्जीतल्यांना वाटू नये, रान मोकळं ठेवावं आणि येणाऱ्यानं घ्यावं. द्राक्षाचा मांडव आणि खजूर यांना मात्र सूट होती, कारण उंचावर चढून माणूस पडेल. तिथं मालकानं काढून वाटायचं. ख्रिस्ती माणसाला मिश्ना बंधनकारक नाही. पण ‘थोडंफार सोडा’ म्हटलं की कोणीच काही सोडत नाही, हे त्या शास्त्र्यांना पक्कं ठाऊक होतं असं दिसतं.

आणखी एक शब्द त्याच वचनात आहे: उपरी. कोपरा आणि सरवा ‘गरीब व उपरी’ यांच्यासाठी. जुन्या मराठी महसुलात उपरी म्हणजे वतन नसलेलं, बाहेरून येऊन जमीन कसणारं कूळ. त्याच्या उलट मिरासदार. ज्याला गावात हक्क नाही त्याला देवानं रानात हक्क दिला, हे त्या शब्दात आपसूक येतं. त्याऐवजी ‘परका’ म्हटलं की ही धार जाते.

काळी माती

आकडा काढून बघू. एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. साठावा हिस्सा 726 चौरस फूट, म्हणजे पाऊण गुंठ्याच्याही आत. चौरस एकराची बाजू साधारण 209 फूट. सोयाबीनच्या दोन तासांत (म्हणजे पेरणीच्या ओळींत) दीड फूट अंतर धरलं तर एक तास सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर भरतो. म्हणजे एकरी सव्वादोन-अडीच तास. एकराला सहा क्विंटल उतारा असेल तर 10 किलो. एवढ्यानं कोणी बुडत नाही.

आता अडचणी कुठं येतात ते लिहितो.

सोयाबीन बहुतेक ठिकाणी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं काढतात. गुत्तं घेणाऱ्या टोळीला आधी सांगितलं नाही तर ती शेवटचा तासही काढून मोकळी होते, कारण त्यांना रान साफ दाखवायचं असतं. म्हणून सौदा करतानाच सांगायचं की रस्त्याकडचे अडीच तास सोडा, आणि पैसे मात्र पूर्ण एकराचे द्यायचे. सोडलेल्या तासांची मजुरी कापली तर तो कोपरा मजुराच्या खिशातून गेला.

कड कोणती? ओढ्याकडची सोडली तर रानडुकरं खाणार. पायवाटेकडची सोडावी. आणि दोन दिवसांच्या वर उभी ठेवू नये, सोयाबीन आहे, फुटून जाईल. ज्यांना सांगायचं त्यांना कापणीच्या आदल्या दिवशीच निरोप गेला पाहिजे.

सरव्याचा खरा शत्रू हार्वेस्टर नाही, रोटाव्हेटर आहे. मळणी झाली की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर रानात. हरभऱ्यासाठी ओल साधायची असते हे खरं, तरी मधे एक सबंध दिवस मोकळा ठेवता येतो. शेळ्या सोडणं, रान नांगरणं, काडी पेटवणं, सगळं त्या दिवसानंतर. (काडी पेटवूच नये, तो वेगळा विषय.)

मिरची-भाजीपाला असेल तर शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली, हे वेचणाऱ्यांना सांगणं बंधनकारक समजा. डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर माणसं रानात घ्यायची नाहीत.

कृपेखाली

हे सगळं मोशेच्या नियमशास्त्राचं झालं. आपण कृपेखाली आहोत. अडीच तास मोजत बसलो तर परूशी, म्हणजे नियम बारकाईनं पाळणारे यहूदी, यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? पुदिना, शेपू, जिरे यांचा दशमांश मोजणाऱ्यांना प्रभूनं काय म्हटलं ते मत्तय 23:23 मध्ये आहे.

लेवीय

दादा, तेच वचन शेवटपर्यंत वाचा. न्याय, दया, विश्वास हे करायचं होतं ‘आणि ते सोडायचं नव्हतं’, असाच त्याचा शेवट आहे. मोजू नका असं प्रभू म्हणत नाही, मोजून थांबू नका असं म्हणतो. साठावा हिस्सा हा तारणाचा हिशेब नाही, सुरुवात करायला धरलेलं माप आहे.

पाळक, अंबड तालुका

या विषयावर रूथचा दुसरा अध्याय घेतल्याशिवाय धडा पुरा होत नाही, कारण नियम चालतो कसा हे तिथं दिसतं.

रूथ ही परदेशातून आलेली विधवा, नामी तिची सासू आणि बवाज शेताचा मालक. रूथ आधी परवानगी मागते (2:7) आणि कापणाऱ्यांच्या मागून चालते. बवाज नियमापेक्षा पुढं जातो. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांच्या मधेही तिला वेचू द्या, आणि मुद्दाम मुठीतून काढून टाकत जा, तिला धमकावू नका (2:15-16). म्हणजे सरवा वाढवला, पण तिच्या हातात आयता दिला नाही. संध्याकाळी तिनं झोडपून पाहिलं तर सुमारे एफाभर सातू निघाले. एफा म्हणजे अंदाजे 22 लिटर, वजनात 13 किलोच्या आसपास. पायलीत सांगत नाही, पायली गावागणिक बदलते. निर्गम 16 मध्ये माणशी रोजचा मान्ना (रानात देवानं दिलेलं अन्न) एक ओमर आणि 16:36 प्रमाणे ओमर हा एफाचा दहावा भाग. म्हणजे दहा माणसांचं एका दिवसाचं, किंवा रूथ आणि नामी या दोघींचं पाच दिवसांचं. मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्या. (हे सातू म्हणजे जव. मुलांना सातूचं पीठ आठवेल, ते आधीच स्पष्ट करा.)

दुसरी गोष्ट 2:9. बवाज गड्यांना ताकीद देतो की तिला हात लावायचा नाही, आणि तहान लागली तर गड्यांनी भरलेलं पाणी तिनं प्यावं. रानात एकटीदुकटी बाई सरव्याला येते तेव्हा तिला काय भोगावं लागतं हे त्या काळीही ठाऊक होतं. म्हणून सालगड्याला, राखणदाराला मालकानं तोंडानं सांगितलं पाहिजे, आणि पाण्याचा माठ सगळ्यांना एकच. माठ वेगळा ठेवून सरवा सोडला तर त्यात बायबलाचं काही उरलं नाही. आपल्या मंडळ्यांतल्या पुष्कळ घराण्यांनी बलुत्याच्या दिवसांत खळ्यावर लांब उभं राहून धान्य घेतलं आहे. बलुतं गावकीच्या कामाच्या बदल्यात होतं आणि जातीला बांधलेलं होतं. सरव्याला काम नाही, जात नाही, कोणाची उतराई नाही. हा फरक सुगीच्या सणाच्या उपदेशात यायलाच हवा असं मला वाटतं.

तिसरी, मजुरी. सरव्याच्या वचनानंतर तीनच वचनांनी, लेवीय 19:13 मध्ये, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको असं आहे. याकोब 5:4 त्याचाच पुढचा आवाज. उचलीत पैसे अडकवून ठेवायचे आणि वर सरवा वेचू दिला म्हणून सणाला साक्ष द्यायची, हे चालणार नाही.

शब्बाथशाळा, सेलू

पाळकसाहेब, फार उपयोग झाला. पण बिनशेतीवाल्यांचं राहिलं. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, धुणीभांडी करणाऱ्या बाया. त्यांचं रान कोणतं?

आठवडी बाजार

ज्याचं जिथून पोट भरतं ते त्याचं रान, आणि तिथली कड त्यानं आधीच आखायची. महिन्याच्या शेवटी उरलं तर बघू, असं म्हणणं म्हणजे सगळं कापून झाल्यावर कोपरा शोधणं.

पगार 30,000 असेल तर साठावा हिस्सा 500. पगार खात्यात आला त्याच दिवशी बाजूला काढायचे. हे दशमांशात धरायचे नाहीत, तो 3,000 वेगळा आणि त्याचा रस्ता मंडळीच्या भांडारात. या 500 ना मंडळीची पावती नको, नावाचा फलक नको.

किराणा दुकानदाराकडं उधारीची वही असते. कोणत्या घराची शेवटची रक्कम मागायची नाही, हे त्यानं स्वतःशी ठरवावं आणि ती ओळ वहीत तशीच राहू द्यावी. विसरलेल्या पेंढीच्या सगळ्यांत जवळ जाणारं हेच. गिऱ्हाइकासाठीही आहे: आठवडी बाजारात संध्याकाळी टोपलीपाशी बसलेल्या म्हातारीकडून मेथीची शेवटची जुडी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करायची नाही.

लग्नकार्यात सगळ्यांत जास्त घोळ होतो. पंगती उठल्यावर खरकट्याच्या बाजूचा भात पालावर नेऊन देतात. ते मातेरं. कोपरा काढायचा असेल तर पहिली पंगत बसण्याआधी पातेल्यातून झाकणाच्या डब्यात काढावा आणि लगेच पोचवावा. मे महिन्यात शिजवलेला भात-वरण तासाभराच्या वर बाहेर राहिलं की बिघडायला लागतं. नेणारा माणूस आणि गाडी आदल्या दिवशी ठरलेली असली तरच हे जमतं.

आणि फोटो काढायचा नाही. रूथचा चेहरा बवाजनं गावाला दाखवला नव्हता.

कृपेखाली

पण मग सरळ पैसे का देऊ नयेत? वाकून वेचायला लावणं हा उलट अपमान नाही का?

गोदाकाठ

ज्याला वाकता येतं त्याला वेचलेलं स्वतःचं वाटतं, मागितलेलं वाटत नाही. ज्याला वाकता येत नाही, म्हातारी, आजारी, अपंग, त्यांच्यासाठी सरवा कामाचा नाही. त्यांची सोय अनुवाद 14:28-29 मध्ये वेगळी आहे: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा, आणि लेवी (ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता ते देवसेवेचे लोक), उपरी, अनाथ, विधवा यांनी येऊन तृप्त होईपर्यंत खायचं. दोन्ही तरतुदी आहेत. एकीच्या जागी दुसरी नको.

काळी माती

एक गोष्ट कापसाबद्दल. ‘गरिबांसाठी शेवटचा कापूस झाडावर सोडला’ असं कोणी सांगितलं तर शाबासकी देऊ नका. उभी पऱ्हाटी लांबवली की ती फरदड, आणि तिच्यात गुलाबी बोंडअळी पोसली जाते, पुढच्या हंगामात सगळ्या शिवाराला भोवते. कापसाचा कोपरा चांगल्या वेचणीच्या वेळीच सोडायचा, दुसऱ्या वेचणीला दोन तास. शेवटी उरलेली कवडी, म्हणजे हलका कापूस, हा कोपरा नव्हे. पऱ्हाटी मात्र वेळेवर उपटायची, जळणाला कोणी नेत असेल तर नेऊ द्यावी.

उसातही असाच एक जुना हिस्सा आहे, वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. तोडणाऱ्यांनी ते गुरांना घालावेत किंवा विकावेत ही चालत आलेली रीत. ते मालकानं आपल्या गोठ्यासाठी अडवून धरू नयेत.

लेवीय

मुलांसाठी शेवटची एक सीमारेषा, कारण ती विचारतीलच. अनुवाद 23:24-25: शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर द्राक्षं खाता येतात, पण टोपलीत भरायची नाहीत, उभ्या पिकाची कणसं हातानं खुडता येतात, पण विळा लावायचा नाही. मत्तय 12:1 मध्ये शिष्य हेच करतात. परूशी त्यांना चोर म्हणत नाहीत, आक्षेप फक्त शब्बाथाचा. वाटसरूनं हातानं खाणं वेगळं, मालकानं काढून झाल्यावर उरलेलं वेचणं हा सरवा वेगळा.

लिहिताना ‘सरवा’ असंच, रफार नाही. पुल्लिंगी शब्द. रूपं: सरव्याला गेली, सरव्याचे दाणे, सरव्यात सापडलं. क्रियापदं दोन पक्की: वेचणारा सरवा वेचतो, मालक सरवा सोडतो. ‘सरवा दिला’ असं मुलांना लिहू देऊ नका.